एकहाती सेवेचं कौतुक पुरे

खानदेशातल्या तालुक्याच्या गावी ख्रिस्ती मंडळीतला, म्हणजे चर्चच्या सभासदांतला, एखादा जुना माणूस गेला की दोन-तीन दिवसांत चर्चच्या फाटकावर फ्लेक्स लागतो. कुटुंबवत्सल, मनमिळाऊ, प्रभूचा निष्ठावंत सेवक, समाजाचा आधारवड. नाव आणि फोटो बदलला की तोच मजकूर पुढच्या माणसाला चालतो. खाली शोकाकुल म्हणून पंच कमिटी, तरुण संघ, महिला संघ आणि जमलं तर दोन नगरसेवक. मग शोकसभा होते. दहा-बारा जण बोलतात आणि त्यातले निम्मे तरी एक वाक्य म्हणतातच : 'आबांनी चाळीस वर्षं एकट्यानं सगळं सांभाळलं.' टाळ्या वाजवायची जागा नसते म्हणून, नाहीतर वाजल्या असत्या. पण चाळीस वर्षं एकाच माणसानं सगळं सांभाळलं असेल तर बाकीची मंडळी चाळीस वर्षं काय करत होती, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही.

तो विचारायला हवा, आणि आबा हयात असताना विचारायला हवा. कारण असा माणूस जातो तेव्हा मंडळीचं अर्धं दप्तर त्याच्याबरोबर जातं.

हा माणूस कोण, हे इकडच्या लोकांना सांगायला नको. पूर्वेला भुसावळ, जळगाव, चाळीसगावकडे तो बहुधा रेल्वेतून निवृत्त झालेला असतो किंवा शाळेतला गुरुजी. पश्चिमेला नंदुरबार-नवापूरकडे मिशनच्या शाळेत शिकलेला, मग वसतिगृहाचा रेक्टर किंवा दवाखान्यात कंपाउंडर. चर्चमध्ये मराठी, घरात मावची किंवा भिली आणि बाजारात अहिराणी बोलणारा. मिशनरी होते तेव्हा हिशेब, जमिनीची कागदपत्रं, इमारतीची डागडुजी त्यांच्याकडे होती. ते परत गेले तेव्हा किल्ल्यांचा जुडगा ज्याच्या हाती आला, तो हा माणूस किंवा त्याचा बाप. रविवारची घंटा, अर्पणाची मोजणी, कापणीच्या सणाचा लिलाव, नाताळच्या फराळाचं सामान, लग्नाच्या रजिस्टरवर साक्षीदार कमी पडला तर सही, आणि रात्री बारा वाजता कुणी गेलं तर कबर खोदणाऱ्याला उठवणं. शिवाय गल्लीतल्या हिंदू-मुसलमान घरांचे रेशनकार्डाचे, निराधार पेन्शनचे फॉर्मही तोच भरून देतो. म्हणून त्याच्या अंत्ययात्रेला चर्चपेक्षा गाव जास्त असतं.

आता त्याच्याबरोबर काय जातं ते बघू.

बाप्तिस्म्याची जुनी वही त्याच्या घरी लोखंडी पेटीत असते. चर्चच्या कपाटाला वाळवी लागली होती म्हणून कधीतरी घरी नेलेली, ती तिथेच राहिली. ही नुसती धार्मिक वही नसते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधी जन्मलेल्या कित्येकांची सरकारी नोंद सापडतच नाही, तेव्हा तारखेसाठी ही वहीच धुंडाळावी लागते. नवापूर, अक्कलकुवा भागात जात पडताळणीसाठी १९५० पूर्वीचा कागद शोधताना आजोबा कोणत्या मिशन शाळेत होते, त्यांचं जुनं नाव काय होतं, बाप्तिस्म्यानंतर कोणतं लागलं, हा धागा या वहीत मिळतो किंवा त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात. नावं बदललेली असतात, आडनावं पाड्यावरून किंवा कुळावरून लावलेली असतात, एकाच माणसाची तीन कागदांवर तीन नावं असतात. तिन्ही एकाच माणसाची आहेत हे सांगणारा गेला की नातवाचा अर्ज अडकतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. चर्चचा प्लॉट, पाळकांचा बंगला, शाळा आणि दफनभूमी हे चार तुकडे चार वेगवेगळ्या नावांवर असू शकतात : एखादी जुनी मिशन संस्था, तिची पुढची ट्रस्ट, कधी मिशनऱ्याचंच नाव. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणीचा नकाशा आणि फेरफाराचा क्रमांक, एवढे तीन कागद प्रत्येक तुकड्याचे हवेत. दफनभूमीचं तर आवर्जून बघावं. सातबाऱ्यावर तिचा उल्लेखच नसेल आणि ती नुसती पडीक म्हणून लागली असेल, तर रस्ता रुंदीकरणाच्या वेळी तिथे कबरी आहेत हे तोंडानं सांगत बसावं लागतं. सुरत-नागपूर महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा ५३, नवापूर, धुळे, जळगाव, भुसावळवरूनच जातो. त्याच्या कडेच्या जमिनीला काय भाव आला ते सगळ्यांना दिसतंय. जुना कागद शोधायचा तर तो कुठे असेल हेही ठाऊक हवं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधीचं दप्तर धुळ्याचं; आणखी मागे गेलं की शिक्का पश्चिम खानदेशचा. कॅथलिक पॅरिशचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, १९८७ पूर्वीचा पत्रव्यवहार शोधताना पुण्याकडे बघावं लागतं, कारण नाशिक धर्मप्रांत त्या वर्षी पुण्यापासून वेगळा झाला. हद्दीचा दगड कोणत्या निंबाखाली पुरलाय, हे मात्र कुठल्याच कचेरीत मिळत नाही. ते आबांनाच ठाऊक असतं.

तिसरी गोष्ट ट्रस्टची, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आबा ट्रस्टी असतात, बँकेच्या खात्यावर त्यांची सही असते. ते गेल्यावर महिना दुःखात जातो, दुसरा महिना कोणाला घ्यायचं या वादात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमधला बदल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. सोबत मृत्यूचा दाखला, सभेची नोटीस, हजेरी, ठरावाची प्रत, नव्या विश्वस्ताचं संमतिपत्र आणि प्रतिज्ञापत्र. उशीर झाला की माफीचा वेगळा अर्ज आणि वेगळ्या तारखा. पण अडचण बहुतेक वेळा याच्याही मागची असते : मागचा विश्वस्त बारा वर्षांपूर्वी गेला तेव्हाचा चेंज रिपोर्टच दिलेला नसतो. कागदावर ज्यांची नावं आहेत त्यांतले निम्मे दफनभूमीत असतात. अशा यादीवर नवीन नाव चढवायचं म्हणजे आधी प्रत्येक मृताचा दाखला गोळा करा, मग त्या त्या वेळच्या सभांची इतिवृत्तं शोधा. ती नसतातच. सभा घंटा झाल्यावर चर्चच्या पायरीवर झालेली असते आणि तिचं इतिवृत्त आबांच्या स्मरणात. दोन गट पडलेल्या मंडळीत नेमकी हीच फट दुसऱ्या गटाला सापडते आणि पुढची पंधरा वर्षं वकिलांची घरं चालतात.

हे सगळं आबांचा दोष म्हणून सांगत नाही. त्यांनी केलं नसतं तर काहीच राहिलं नसतं. दोष आहे तो एकहाती कामाला सेवा म्हणण्याच्या आपल्या सवयीचा. जो माणूस किल्ली सोडत नाही त्याला आपण निष्ठावंत म्हणतो. ज्यानं वेळेवर दुसऱ्याला तयार केलं आणि बाजूला झाला, त्याचा फ्लेक्स लहान लागतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. म्हाताऱ्या माणसासमोर वही-पेन घेऊन बसणं म्हणजे त्याच्या जाण्याची वाट बघणं, असं घरच्यांना वाटतं. किल्ली मागितली तर अविश्वास वाटतो. यावरचा तोडगा वेळेत आहे. पंच्याऐंशीव्या वर्षी, सलाईन लागल्यावर विचारलं तर ते तसंच वाटणार. पदावरच्या प्रत्येकाकडून, वय काहीही असो, दर ३१ मार्चला हिशेबाबरोबर किल्ल्यांची, कागदांची आणि चालू कामांची यादी घ्यायची असा मंडळीचा ठरावच असेल, तर त्यात कुणा एकाचा अपमान राहत नाही. तीस वर्षांच्या खजिनदारालाही तीच यादी द्यावी लागते.

दुसरा आक्षेप धर्मातलाच आहे. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, अशी शिकवण असताना सत्कर्मांची नोंद कसली ठेवता? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. आबांनी कुणाच्या मुलीची फी भरली, कुणाच्या घरी दर महिन्याला दहा किलो ज्वारी टाकली, हे लिहायचं नाही; घेणाऱ्याची अब्रू त्यात आहे. पण फी माफीसाठी कोणत्या शाळेत कोणाला भेटायचं, वसतिगृहाचा अर्ज कोणत्या महिन्यात निघतो, चिंचपाड्याच्या मिशन रुग्णालयात पेशंट न्यायचा तर सोबत काय कागद न्यायचे, हे रस्ते लिहून ठेवायलाच हवेत. नाव झाकायचं, रस्ता उघडा ठेवायचा. रस्ताही झाकला तर मदत आबांबरोबरच संपते, आणि ज्या घरात ज्वारी जात होती त्या घराला ते पहिल्याच महिन्यात कळतं.

आता हे करायचं कसं. खानदेशाला हे काम नवं नाही. वाड्या-वस्त्यांतून दप्तरं गोळा करत हिंडलेले इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात गेले आणि त्यांच्या पश्चात त्यांचे कागद सांभाळायला तिथेच राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. रामदासी मठांतली बाडं जमवणारं समर्थ वाग्देवता मंदिरही धुळ्यातच. चर्चच्या वह्या त्यांच्याएवढ्या जुन्या नाहीत, पण सांभाळण्याचे नियम तेच.

वहीला हात लावण्याआधी एवढं पाळावं : लॅमिनेशन करू नये, सेलोटेप लावू नये, ओली झाली तर उन्हात टाकू नये. लॅमिनेशनमध्ये कागद कायमचा अडकतो. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून शाई खातो. आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात ओला कागद तासाभरात वेडावाकडा होऊन कडेनं तडकतो. पंख्याच्या हलक्या वाऱ्यावर, सावलीत, पानांमध्ये कोरे टीपकागद घालून वाळवावी. कपाट लोखंडी असावं, भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर. वाळवी भिंतीतून येते आणि कसर दमट कोपऱ्यात होते. जुलै ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी कपाट उघडून पानं चाळणं हा दोन्हींवरचा सगळ्यात स्वस्त उपाय. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळणं हा सगळ्यात वाईट, आत घाम धरतो.

फोटो काढायला महागडं स्कॅनर लागत नाही. उत्तरेकडच्या खिडकीशी सकाळचा उजेड, टेबलावर काळं कापड, मोबाइल पानाला समांतर, फ्लॅश बंद. प्रत्येक पानाबरोबर पान क्रमांकाची चिठ्ठी फोटोत यायला हवी, नाहीतर चारशे फोटोंतून कोणता कुठला हे कळत नाही. नंतर फाइलला नाव द्यायचं ते वर्ष, वही, पान असं. प्रती तीन, तीन ठिकाणी, त्यांतली एक गावाबाहेर. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला फोटो प्रत म्हणून धरू नये. तिथे तो दाबून लहान होतो आणि फोन बदलला की बहुतेक वेळा जातोही. शिवाय या वह्यांत दत्तक, अनौरस, दुसरं लग्न अशा नोंदी असतात. त्या सगळ्यांनी बघायच्या नसतात. कोणाला काय दाखवायचं हे कमिटीनं आधी ठरवावं.

माणसाचं बोलणं रेकॉर्ड करणं याहून अवघड. 'आबा, तुमच्या आयुष्याविषयी सांगा' असं म्हटलं की आबा साक्ष देतात : तारण, प्रभूची कृपा, आजार आणि बरं होणं. ती त्यांच्यासाठी मोलाची असते, पण ती मंडळीनं शंभरदा ऐकलेली असते. प्रश्न वस्तूवरून विचारावा. ही घंटा कुठून आली? हिचा दोर तुटला तेव्हा वर कोण चढलं? अर्पण मोजायला दुसरा कोण बसायचा? बंगल्याचं छप्पर कौलारू होतं ते पत्र्याचं कधी झालं आणि पैसे कोणी दिले? जुना फोटो हातात द्यावा आणि डावीकडून उजवीकडे नावं विचारावीत; फोटोच्या मागे ती मऊ पेन्सिलीनं लिहावीत, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. बैठक अर्ध्या-पाऊण तासाची पुरे. त्यापुढे माणूस थकतो आणि घरचे वैतागतात. फोन विमान मोडवर, घडी केलेल्या टॉवेलवर, तोंडापासून वीत-दीड वीत लांब. पंखा आणि कूलर बंद, म्हणजे हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच होतं. जळगावच्या मेमध्ये पंखा बंद करायला सांगणाऱ्याला आबा बोलतील, पण रेकॉर्डिंगसाठी नव्हे. अहिराणीत, मावचीत बोलत असतील तर बोलू द्यावं आणि उतरवतानाही तसंच उतरवावं. पुस्तकी मराठीत आणलं की शिव्या जातात, विनोद जातात आणि बऱ्याचदा माहितीही.

या बैठकीत आजींना स्वयंपाकघरात पाठवू नये. मला तर वाटतं, आधी त्यांच्याकडेच बसावं. आबांच्या समाजसेवेतला मोठा वाटा आजींनी उचललेला असतो. अवेळी आलेल्या पाहुण्यांसाठी भाकरी-पिठलं, प्रभुभोजनाचे पेले घासणं, मेजावरचं पांढरं कापड धुऊन खळ देणं, आबा बाहेरगावी असताना निरोप घेणं आणि किल्ली देणं. मुलांचा अभ्यास, आजारपणं, लग्नाची बोलणी हेही त्यांनीच निभावलेलं, कारण आबा कुणाच्या तरी कामाला गेलेले. फ्लेक्सवर मात्र आबा कुटुंबवत्सल. कोणाच्या घरी नेमकं काय दुखतं, कोण कोणाशी बोलत नाही, कोणी उधार घेतलं आणि कधी फेडलं, हे आजींना जास्त पक्कं माहीत असतं. आबा गेल्यावर पहिला महिना दारावर येणाऱ्यांची रीघ असते. मग कुणी येत नाही. पुढे मुलगा पुण्याला नाहीतर सुरतेला घेऊन जातो आणि ती सगळी माहितीही जिल्ह्याबाहेर जाते.

दफनाबद्दलही थोडं, कारण प्रेमापोटी सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. तापीकाठची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हात हात जाईल एवढ्या भेगा देते. नव्या कबरीवर महिनाभरात स्लॅब टाकून ग्रॅनाइट बसवलं की पहिल्याच पावसाळ्यात ते एका बाजूला कलतं, कारण आतली भरलेली माती अजून बसलेली नसते आणि पुढे कधीतरी पेटीचं झाकणही खचतं. पहिलं वर्ष नुसता मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस ठेवावा, एक पावसाळा पूर्ण जाऊ द्यावा, खचलेल्या जागी मुरूम भरून ठोकावा आणि मग बांधकाम करावं, तेही शक्यतो फक्त कडेचं. दगडावर पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्म आणि मृत्यूची तारीख, गाव. वचन लिहायला जागा उरली तर लिहावं. कित्येक कबरींवर मोठं वचन आहे आणि वर्ष नाही. आणि दफनभूमीचा नकाशा करावा : रांगांना अक्षर, कबरींना क्रमांक, कोरी जागा किती. हा नकाशा आज बहुतेक ठिकाणी एका म्हाताऱ्याच्या बोटात आहे. तो हात करून दाखवतो, 'इथे खोदू नका, इथे चाळीसगाववाल्या बाई आहेत.'

शोकसभा बंद करा असं कोणी म्हणणार नाही. पण तिची वेळ बदलता येईल. दफनाच्या दिवशी प्रार्थना आणि भजनं पुरेत. सभा चाळिसाव्या दिवशी घ्यावी. वक्ते चार, प्रत्येकी सात मिनिटं आणि प्रत्येकानं आबांचं एकच काम सांगायचं : ते कसं चालायचं, आता कोण करतंय आणि कुठे अडलंय. दाराशी अभिप्रायाच्या वहीऐवजी रकाने पाडलेली वही ठेवावी : तुमचं नाव, आबांनी तुमचं कोणतं काम केलं, साधारण वर्ष, त्याचा कागद तुमच्याकडे आहे का. हे ऐकायला रुक्ष वाटेल. पण 'आधारवड' ऐकून आबांच्या नातवाला आजोबा कळत नाहीत. १९७२ च्या दुष्काळात मजुरीच्या मस्टरवर कोणाची नावं त्यांनी चढवली, हे कळलं तर कळतील.

स्मरणार्थ निधी जमतो तेव्हा बहुधा कमान होते किंवा बाक. कमानीवर देणगीदारांची नावं आबांपेक्षा मोठी. त्याच पैशात एक लोखंडी कपाट, वह्यांची कापडी बांधणी, चार तुकड्यांचे उतारे, दफनभूमीची मोजणी आणि थकलेल्या चेंज रिपोर्टचं वकिलाचं बिल निघतं. कमिटीतल्या काहींना हे पटणार नाही, कारण कपाटाचं उद्‌घाटन करता येत नाही.

किल्ली कोणाकडे द्यायची, यावर भांडण होणारच. आबांच्या मुलाकडे देऊ नये. तो चांगला असला तरी, कारण मग पद वारशानं चालतं आणि ट्रस्ट घरची होते. एका हाती तर अजिबात देऊ नये. दोन माणसं, दोन घरांतली, त्यांतली एक चाळिशीच्या आतली आणि एक बाई. आजही कित्येक मंडळ्यांत संडे स्कूल, हजेरी, वर्गणी, मोबाइलवरचे हिशेब हे एखादी बी. कॉम. झालेली मुलगी करतेच आहे, फक्त तिचं नाव कमिटीत नाही. 'उद्या लग्न होऊन जाईल' असं जुने पंच म्हणतील. जाऊ दे. यादी लिहिलेली असेल तर ती तासाभरात दुसरीच्या हाती देऊन जाईल.